२५२० ही ‘एकमेव’ संख्या नाही

आमच्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: १ ते १० सगळ्यांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०. हे चूक आहे. ५०४० घ्या, ७५६० घ्या, २५२०ची कुठलीही पट घ्या, बाकी शून्यच. २५२० त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे आपला शाळेतला लसावि.

चाळीसगावच्या भाचीनं वहीच्या मागच्या पानावर मांडलं: ८×९×५×७. आठात २ आणि ४ आले, नवात ३. ६ आणि १० आपोआप जुळतात. ज्या चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ होता, तिथं हे जमायलाच हवं!

मेसेजमधलं ‘७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२०’ हेही गूढ नाही. ३०×१२ फोडलं की तेच ८×९×५. शिवाय सगळे महिने ३० दिवसांचे नसतात.

२५२०ला १२नंही भाग जातो, ११नं मात्र नाही. १ ते १२ सगळ्यांनी भाग जायला २७७२० लागतात.