चकमकीचे जुने पिस्तूल घरात सापडल्यास: तपासणी, परवान्यातील सूट आणि कागदपत्रे

वाड्याच्या माळ्यावरील पेटीत चकमकीचे (गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारे) पिस्तूल सापडले, की 'शंभर वर्षांहून जुने आहे, त्याला परवाना लागत नाही' असे घरातलेच कोणीतरी ठामपणे सांगते. कायदा तसे म्हणत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील सूट कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला मिळते खरी, पण ते आहे त्या स्थितीत किंवा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल, तरच. 'दुरुस्त करूनही' या दोन शब्दांवर सारे अडते. गारगोटी धरणारा घोडा तुटला आहे एवढ्याने भागत नाही, कारण घोडा नवा बसवता येतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये शस्त्र नियम, २०१६ मध्ये केलेल्या सुधारणेनुसार 'क्युरिओ' (संग्राह्य जुनी वस्तू) वर्गात मोडणारी लहान शस्त्रे मिळवण्यास व बाळगण्यास भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. मात्र ती वापरण्यास, सोबत नेण्यास किंवा त्यांची वाहतूक करण्यास लागतो. त्यामुळे पिस्तूल पिशवीत घालून थेट कार्यालय गाठू नये. आपले पिस्तूल या वर्गात बसते की नाही, हे मालकाने स्वतः ठरवण्यापेक्षा परवाना प्राधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्यावे. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत हा प्राधिकारी म्हणजे पोलिस आयुक्त, इतरत्र जिल्हाधिकारी.

त्यासाठीच्या लेखी अर्जासोबत ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, शस्त्र कोठून व कोणाकडून आले याचे निवेदन, मूळ मालक हयात नसल्यास मृत्यू दाखला व वारसाची कागदपत्रे, जुना परवाना किंवा खरेदीची पावती असल्यास तिची प्रत, आणि शस्त्राची छायाचित्रे जोडावीत. छायाचित्रांसोबतचे वर्णन हाच या अर्जाचा खरा गाभा असतो, आणि नेमके तेच बहुतेक जण दोन ओळींत उरकतात.

वर्णनात नळीची लांबी, तोंडाचा व्यास, दस्त्याचे लाकूड आणि प्रत्येक खूण यांची नोंद असावी. चापाच्या यंत्रणेच्या पट्टीवर मुकुट व 'टॉवर' ही अक्षरे असल्यास ते ब्रिटिश सरकारी बनावटीकडे बोट दाखवते. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर १८०८ च्या सुमारापर्यंत चार भागांत विभागलेल्या हृदयाची खूण, तर त्यानंतर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आढळतो. नळीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा (नळी बार सोसते का हे तपासणाऱ्या संस्थेचा) शिक्का असेल, तर ती चाचणी १८१३ पूर्वीची असू शकत नाही, कारण ते चाचणीगृहच त्या वर्षी स्थापन झाले. मात्र केवळ खुणेवर विसंबणे धोक्याचे आहे. वायव्य सरहद्दीवरील कारागिरांनी कंपनीच्या खुणांच्या भरपूर नकला केल्या, आणि त्यांतली उलटी किंवा चुकीची अक्षरे पुष्कळदा स्वतःच चुगली करतात.

दुरुस्त्यांची नोंद याहून महत्त्वाची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अनेक चकमकीची शस्त्रे टोपीच्या पद्धतीची (घोड्याच्या आघाताने पेटणारी स्फोटक टोपी वापरणारी) केली गेली आणि पुढे हौशी विक्रेत्यांनी त्यांतली काही पुन्हा चकमकीची बनवली. नळीच्या कानाभोवती (ठिणगी आत जाण्याच्या छिद्राभोवती) भरलेला धातू, यंत्रणेच्या पट्टीवरील बुजवलेली छिद्रे, जुन्या पट्टीवर अगदी ताजे दिसणारे रंजकाचे (बार पेटवणाऱ्या दारूचे) पात्र किंवा एकाच स्क्रूची वेगळी आटी यांवरून हा बदल ओळखू येतो. दस्त्यावरील पितळी पट्टी, तारेने आवळलेली भेग, बदललेला ठासणीचा गज हेही लिहावे. गंज घासून काढू नये आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत काहीही दुरुस्त करून घेऊ नये. बंदुकीच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही कलम ५ खाली परवाना लागतो, त्यामुळे ओळखीच्या लोहाराकडे हे काम देणे दोघांनाही महागात पडू शकते. ठासणीच्या (तोंडातून दारू व गोळी ठासून भरायच्या) शस्त्रात जुनी दारू तशीच राहिलेली असू शकते, म्हणून चाप ओढून पाहण्याचा मोह टाळावा.

प्राधिकाऱ्याला शंका आल्यास तो पोलिस दलातील शस्त्र तज्ज्ञाचे किंवा न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे मत मागवू शकतो. सूट लागू नाही असे ठरल्यास केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना संकेतस्थळावर नमुना ए-१ मध्ये रीतसर अर्ज करावा लागतो. शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच बंदुका बाळगता येतात, हे आधीच परवाना असलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

शस्त्र परदेशातील नातेवाइकाला पाठवायचे असल्यास प्रश्न निराळा आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू, म्हणजे पुरावशेष, केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था वगळता कोणालाही निर्यात करता येत नाही आणि उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड आहे. वस्तू पुरावशेष आहे की नाही याबद्दल वाद झाल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी यांचा निर्णय अंतिम असतो. आपल्या हातातले पिस्तूल नवी नक्कल आहे असे वाटत असेल, तरी ते पार्सलमध्ये टाकण्याआधी पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे.