"कारवानी हाय व्हय?"

कुत्र्याचं पिल्लू घरी आणून तासही झाला नव्हता, तोवर शेजारच्या काकांनी फाटकातूनच विचारलं, "कारवानी हाय व्हय?" लांबोळकं तोंड, काटकुळे पाय, खपाटीला गेलेलं पोट. प्रश्न साहजिक होता. निवारा केंद्राच्या कागदावर मात्र जातीच्या रकान्यात 'मिश्र' एवढंच लिहिलेलं.

सोलापूरकडं कारवानी कुत्रं नवखं नाही. मेंढरांच्या कळपाबरोबर, नाहीतर शेतातल्या वस्तीवर ते दिसतंच. सीमेपलीकडं, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात त्याच्याच भाऊबंदांना मुधोळ म्हणतात. २००५ साली मुधोळवर टपाल तिकीटही निघालं.

हा बांधा पळण्यासाठी घडलेला. खोल छातीत हृदय आणि फुप्फुसांना ऐसपैस जागा. पळताना कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होतो, त्यामुळं पावलांच्या एकाच फेरीत चारही पाय दोनदा एकदम अधांतरी होतात. चौखूर उधळलेल्या घोड्याचे एकदाच. डोळ्यांचीही तीच कथा. लांब तोंडाच्या कुत्र्यांत दृष्टिपटलावरच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या) चेतापेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, म्हणून क्षितिजावरची हालचाल चटकन टिपली जाते. आमचं ध्यान गच्चीवरून लांबच्या रस्त्यावर उडणारी कॅरीबॅग बघतं, पुढचा एक पाय उचलून पुतळा होतं. आणि नाकासमोर पडलेला भाकरीचा तुकडा हुंगत हुंगत शोधतं.

म्हणून ते शिकारीच निघेल का? इथं मात्र बांधा फारसं सांगत नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, दोनेक हजार कुत्र्यांचे जनुकही वाचले. कुत्र्या-कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता आला. आपल्याकडची कुत्री त्यात नव्हती, तरी 'जातिवंत म्हणजे गुणी' हे पालुपद आता पुरे, असं माझं मत.

सुरुवातीच्या दिवसांत खरी काळजी जातीची नसतेच, पार्व्हो या विषाणूच्या जीवघेण्या आजाराची असते. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं पिल्लाला जपतात, पण तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी ओसरतील ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे. एक इंजेक्शन झालं की सुटलो, असं नाही. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, तेव्हा तोवर रस्त्यावर सोडायचं नाही.

गोची अशी की जगाची ओळख करून घ्यायचं वयही तेच, साधारण तीन ते चौदा आठवडे. या काळात जे पाहिलं-ऐकलं नाही, त्याची पुढं भीती बसू शकते. मग आम्ही रोज संध्याकाळी त्याला जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसतो. रिक्षा, भंगारवाल्याची आरोळी, वरातीचा बँजो, सगळं चादरीतून बघायचं. पहिल्या दिवशी फक्त नाक बाहेर होतं. आता कानही असतात.

खाण्यात एक पथ्य कडक: आमटीत बुडवलेली भाकरी बंद. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवून ती जात नाहीत. सोलापुरात कांद्याविना आमटी मागणं म्हणजे घरात भांडणच, पण कुत्र्याची भाकरी आता दह्यात.

काकांचा प्रश्न खऱ्या अर्थानं कामाचा ठरला तो जनावरांच्या डॉक्टरांकडं. ग्रेहाऊंडसारख्या पळणाऱ्या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी, आणि भुलीची काही औषधं मोडणारं यकृतातलं विकरही (एन्झाइम) अनेकांत कमी बनतं. थायोपेंटलसारख्या औषधातून ती फार उशिरा शुद्धीवर येतात. आमच्या पिल्लात यातलं किती उतरलंय, हे नुसतं बघून कळायचं नाही. डॉक्टरांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या, लसीच्या कार्डावर नसबंदीच्या रकान्यापुढं लाल पेनानं 'हाऊंड बांधा, भूल जपून' असं लिहिलं, आणि जातीचा रकाना तसाच कोरा ठेवला.