खत मुळाशी, हिशेब पानात: रोपवनांच्या पोषणाची पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यात प्रयोगशाळा यायच्या कितीतरी आधीपासून झाडाच्या पानातलं खत लोकांना ठाऊक होतं, ते राबामुळे, म्हणजे भाताची रोपं पेरायच्या जागेवर पालापाचोळा जाळायच्या रीतीमुळे. शहापूर-मुरबाडकडे भाताची दाढ (रोपांची जागा) भाजताना शेण, आईनाच्या झाडाचा टाहळा (तोडलेल्या पानाळ फांद्या), वर गवत आणि माती असे थर लावायचे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पेटवायचं, म्हणजे राब सावकाश जळतो. नत्र (नायट्रोजन) धुरात जातं. पालाश (पोटॅश), चुना आणि स्फुरद (फॉस्फरस) राखेतून तरव्याला, म्हणजे भाताच्या रोपांना मिळतं. मात्र त्यातलं बरंचसं येतं झाडाकडून.

इंग्रज सरकारने जंगलं राखीव केल्यावर हा टाहळा कुणी आणि किती तोडायचा यावरून ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत असंतोष पेटला. त्याच्या चौकशीसाठी 1885 मध्ये मुंबई वन आयोग बसला. गंमत म्हणजे जर्मनीतही तेव्हा असाच वाद चालू होता. तिथले शेतकरी जंगलातला पालापाचोळा गोठ्यात अंथरायला ओढून नेत. तिथल्याच बव्हेरियात वनशास्त्रज्ञ एबरमायर यांनी पाचोळ्यातली पोषक द्रव्यं मोजली आणि 1876 मध्ये दाखवून दिलं की पाचोळा नेला की जंगलाची जमीन कसदार राहत नाही.

पुढचा प्रश्न होता, वरून खत दिलं तर पानात काय दिसतं? अमेरिकेत मिचेल आणि चँडलर यांनी 1939 मध्ये जंगली झाडांना नत्र देऊन पानं तपासली. नत्र वाढवत नेलं तसं पानातलं प्रमाणही चढत गेलं, पण झाडाची वाढ एका टप्प्यानंतर थांबली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पाइन रोपवनांत स्फुरदाची उणीव ओळखू येऊ लागली होती. 1950 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये तर रोपवनांवर विमानातून सुपरफॉस्फेट हे स्फुरदाचं खत टाकलं गेलं.

खरा घोळ डेन्मार्कच्या स्टीनबियर्ग यांनी 1951 मध्ये समोर आणला. उपाशी रोपाला थोडं खत दिलं की वाढ जोमाने होते आणि पानातलं प्रमाण चक्क घटू शकतं. समजा, सागाच्या एका झाडावर 1 किलो सुकी पानं आहेत आणि त्यांत 2 टक्के नत्र, म्हणजे 20 ग्रॅम. खतानंतर पानं दीड किलो झाली आणि नत्र 1.8 टक्के भरलं. टक्का घसरला, पण झाडाकडे आता 27 ग्रॅम नत्र आहे. नुसता टक्का पाहणारा म्हणेल, खत वाया गेलं. म्हणूनच 1978 मध्ये टिमर आणि स्टोन यांनी टक्का, पानाचं वजन आणि एकूण द्रव्य एकत्र वाचायची पद्धत मांडली. मला ती सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

ठाणे आणि नवी मुंबईच्या रस्त्यांवरच्या झाडांना हे लागू व्हायला हवं. त्यांचा पाचोळा रोज झाडून गाडीत भरला जातो, म्हणजे बव्हेरियातलीच चूक. मग आळ्यात मूठभर युरिया टाकून काय साधणार? त्यात स्फुरद नाही, पालाशही नाही. आधी पाचोळा आळ्यात राहू द्या, मग पान तपासा.

तपासायची वेळही महत्त्वाची. आपल्याकडच्या धो-धो पावसात पानातला पालाश धुऊन निघतो, आणि पानगळीआधी झाड जवळपास निम्मं नत्र आणि स्फुरद फांद्यांत परत ओढून घेतं. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर, पानं पिवळी पडायच्या बरंच आधी, शेंड्याकडची उन्हातली पूर्ण वाढलेली पानं घ्यावीत. खत दिलेल्या झाडांची एका पिशवीत, शेजारच्या बिनखताच्या झाडांची दुसऱ्या.