काळ्या दगडाचं शिल्प अंगणात ठेवताना

शिल्प घरी पोचलं की पहिला फोन बहुतेक एकाच गोष्टीसाठी येतो. "काळा दगड सांगितला होता, हा तर राखाडी निघाला!" दगड तोच आहे. छिन्नीच्या घावानं वरचे कण चुरडतात, त्यावरून उजेड विखुरतो आणि अंग पांढुरकं दिसतं. ओलं फडकं फिरवून बघा, काळा रंग लगेच वर येईल. कायम काळा हवा असेल तर घासून पॉलिश करून देतो. मात्र पॉलिशमध्ये टाकीच्या खुणा जातात, आणि आम्हाला विचाराल तर अंगणातल्या नंदीला त्या खुणाच शोभतात. तेल चोळू नका. धूळ बसून चिकट थर होतो. शनीच्या शिळेची गोष्ट वेगळी, तिची सेवा करायला माणसं असतात.

आमचा दगड बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा. वेरूळचं कैलास लेणं याच दगडात कोरलंय आणि आठव्या शतकापासून उघड्यावर पाऊस झेलतंय. पण सगळाच काळा दगड सारखा नसतो. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले तर दगड सच्छिद्र होतो आणि त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजं भरतात. बारीक नक्षीला असा दगड घेत नाही, कारण ठिपका निघाला की तिथे खळगा पडतो. दिव्याला, पाण्याच्या डोणीला, ठसठशीत आकाराच्या कासवाला तो खुशाल चालतो. म्हणून एखादा पांढरा ठिपका दिसला तर तो दोष समजू नका. चीर हा दोष. ठोकळा निवडताना आम्ही हातोडी मारून ऐकतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर सोडतो. तरीही चीर निघालीच तर शिल्प परत घेऊ.

वजनाचा अंदाज सहसा चुकतो. एक घनफूट दगड ८० किलोच्या आसपास भरतो; दीड फूट लांब-रुंद, तीन फूट उंच ठोकळा साडेपाचशे किलोचा. गच्चीवर ठेवायचं असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. अंगणात मुरूम ठोकून वर काँक्रीट घाला. नुसत्या फरशीवर नको. उचलायची घाईही नको. घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याला बघायला मिळतो.

पावसाळ्यानंतर शेवाळ आलं तर पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरे. तारेचा ब्रश वापरू नका, तारेचे कण अडकून गंजतात. अ‍ॅसिड तर अजिबात नको. तांबूस छटा मात्र दगडातल्याच लोहाची असते, ती राहू द्या.

ऑर्डर देताना फाटकाची रुंदी मोजून कळवा. एकदा आम्हाला ग्राहकाच्या कंपाउंडची भिंत पाडावी लागली आहे.