कार्थेजची नाणी

उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिस शहरालगत असलेल्या कार्थेज या फिनिशियन नगराने इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीपासून इ.स.पू. १४६ मधील विनाशापर्यंत पाडलेली सोने, इलेक्ट्रम (सोने-चांदीचा मिश्रधातू), चांदी आणि ब्राँझ यांची नाणी. आजच्या लेबनॉनमधील टायर या फिनिशियन शहरातून आलेल्या लोकांनी इ.स.पू. ८१४ मध्ये हे नगर वसवले, अशी परंपरा आहे. त्याचे मूळ नाव ‘कार्त हदश्त’, म्हणजे नवे नगर. नगराबरोबर त्याची ग्रंथसंपदाही गेली. मागो या कार्थेजच्या लेखकाच्या शेतीविषयक ग्रंथाचे रोमन सिनेटने लॅटिन भाषांतर करवून घेतले होते, पण त्यातलेही इतरांनी दिलेले उतारेच काय ते उरले. कार्थेजचा इतिहास म्हणून आपण वाचतो तो बहुतांशी ग्रीक आणि रोमन लेखकांनी, म्हणजे प्रतिपक्षाने, लिहिलेला. शिलालेख हजारोंनी सापडतात, पण त्यांतले बहुतेक नवसाचे आणि एकाच साच्याचे. म्हणून नाण्यांचे मोल मोठे.

नवल असे की, हे व्यापारी नगर शतकानुशतके स्वतःच्या नाण्यांवाचून चालले. नाण्यांची गरज पडली ती बाजारासाठी नव्हे, सिसिली बेटावरच्या भाडोत्री सैनिकांच्या पगारासाठी. ग्रीक नाणी ओळखणाऱ्या शिपायाला तसलेच नाणे हातावर ठेवावे लागे. त्यामुळे सुमारे १७ ग्रॅमच्या चांदीच्या टेट्राड्राख्म (चार ड्राख्मांच्या) नाण्यांवर सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक नगराच्या नाण्यांवरून सरळ उचललेला देवीचा मुखवटा दिसतो. मागे मात्र घोडा, ताडवर्गीय झाड आणि प्यूनिक (कार्थेजच्या भाषेतली) अक्षरे. काहींवर ‘महनत’ म्हणजे छावणी, काहींवर ‘अम महनत’ म्हणजे छावणीचे लोक. नाण्यावर राजाचे नाव नाही, देवाचे नाही. लष्कराच्या तळाचे आहे. कार्थेजच्या राज्यव्यवस्थेवर याहून बोलके भाष्य शोधून सापडणार नाही.

धान्याच्या कणसांची माळ घातलेली ही देवी म्हणजे कार्थेजची तानित, असे साधारणपणे मानतात. रूप मात्र ‘कोरे’ (पर्सेफोनी) या ग्रीक देवीचे. झाड खजुरीचे आहे आणि त्यात एक शाब्दिक कोटी दडलेली आहे: ग्रीकमध्ये ‘फोइनिक्स’ म्हणजे खजूर आणि फिनिशियनही. घोड्याचे मूळ स्थापनाकथेत शोधतात. पाया खणताना आधी बैलाचे शिर निघाले, तो अपशकुन ठरला. मग जागा बदलली तेव्हा घोड्याचे शिर निघाले. ही कथा रोमन लेखकांकडून आली आहे, तेव्हा नाणी पाहून ती रचली गेली असण्याचीही शक्यता आहे. सोन्याच्या काही नाण्यांवर घोड्याच्या पायांखाली बारीक खुणा आहेत. १९९६ मध्ये एका अमेरिकन भूवैज्ञानिकाने त्यांत चक्क अमेरिकेसह जगाचा नकाशा पाहिला. नाणकतज्ज्ञांनी तो मान्य केलेला नाही.

धातूचा कस पाहिला की युद्धांचा जमाखर्च दिसू लागतो. इ.स.पू. ३५० च्या सुमाराचे स्टेटर (सोन्याचे प्रमुख नाणे) जवळपास शुद्ध सोन्याचे, साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. शतकअखेरीस त्यांची जागा साडेसात ग्रॅमच्या इलेक्ट्रमने घेतली आणि पुढे चांदीचे प्रमाण वाढत गेले. रोमशी झालेले पहिले प्यूनिक युद्ध इ.स.पू. २४१ मध्ये संपले तेव्हा खजिना रिता होता. पगार थकलेल्या सैनिकांना, ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो त्याप्रमाणे, तातडीच्या खर्चापुरता एकेक सोन्याचा स्टेटर देऊन ‘सिक्का’ नावाच्या गावी धाडले गेले. बंड झाले. बंडखोरांनी कार्थेजच्याच नाण्यांवर आपले ठसे ठोकले: ग्रीक वीर हेराक्लीसचे डोके, चालता सिंह आणि ग्रीक लिपीत ‘लिब्यांचे’, म्हणजे लिबियन लोकांचे. काही नाण्यांवर नव्या सिंहाखालून जुन्या छापाच्या रेषा अजून डोकावतात. चांदी कमी पडली तेव्हा तांब्यात आर्सेनिक मिसळून त्याला पांढरेपणा आणला गेला, हे धातुपरीक्षणातून उघड झाले आहे.

पुढे कार्थेजचा सेनापती आणि हॅनिबलचा पिता हॅमिलकार बार्का याने स्पेनमध्ये बस्तान बसवले आणि तिथल्या खाणींतून पुन्हा चांगली चांदी आली. या नाण्यांवर खांद्याशी गदा घेतलेला मेल्कार्ट हा फिनिशियन देव आणि मागे हत्ती आहे. हा चेहरा हॅमिलकारचा की हॅनिबलचा, यावर वाद आहे. लिलावात ‘हॅनिबल’ म्हटले की बोली चढते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसऱ्या प्यूनिक युद्धातील पराभवानंतर रोमला १०,००० टॅलंट (वजनाचे एक प्राचीन माप) चांदीची खंडणी ५० वर्षांत फेडायची होती. पहिला हप्ता इ.स.पू. १९९ मध्ये रोमला पोहोचला. रोमन इतिहासकार लिव्हीच्या म्हणण्याप्रमाणे चांदी वितळवून पाहिली तर चौथा हिस्सा हीण निघाले आणि कार्थेजच्या दूतांना रोममध्येच कर्ज काढून तूट भरावी लागली.

आजच्या संग्राहकाच्या हाती पहिल्यांदा पडते ते बहुधा ब्राँझ: आपल्या रुपयापेक्षा लहान पण जाडसर, हिरव्या-तपकिरी थराचे, एका बाजूस डावीकडे पाहणारी तानित, दुसरीकडे खजुरीपुढे उभा किंवा मान वळवून मागे पाहणारा घोडा. ठसा बरेचदा बाजूला सरकलेला असतो. देवीचे नाक येते, माळ कापली जाते. सिसिली, सार्डिनिया आणि आफ्रिका इथल्या टांकसाळी ओळखायला सापडण्याची जागा हाच मोठा आधार. बाजारात आलेल्या नाण्याच्या बाबतीत नेमकी तीच माहिती गळालेली असते. ट्युनिशियाच्या १९९४ च्या वारसा संहितेने उत्खनन आणि निर्यात यांवर बंधने घातली आहेत. त्यामुळे जाणता संग्राहक आधी जुन्या मालकीचे कागद मागतो, मग भिंग काढतो.