ग्राफ्ट आणि फ्लॅप: दोन्हींना ‘कातडी लावली’ म्हणू नका

नेक्रोटायझिंग फॅसायटिसमध्ये जिवाणू कातडीखालच्या थरांतून भराभर पसरतात आणि मेलेला भाग तातडीने, बहुधा एकाहून जास्त वेळा, कापून काढावा लागतो. हे पुष्कळांना ठाऊक आहे. घोळ होतो पुढे, उघडी जखम झाकताना. ग्राफ्ट (अंगावरून पूर्ण सुटी काढून लावलेली कातडी) असो की फ्लॅप (रक्तवाहिन्यांसकट आणलेली कातडी किंवा स्नायू), सगळे ‘मांडीची कातडी लावली’ म्हणून मोकळे.

‘ग्राफ्ट पातळ, फ्लॅप जाड’ हे ठरलेलं उत्तर तर मला ऐकवत नाही. फरक जाडीचा नाही, रक्ताचा आहे.

ग्राफ्टला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तगतो, मग खालच्या केशवाहिन्या त्याला मिळतात आणि पाच-सात दिवसांत तो धरतो. म्हणजे खालची जमीन जिवंत हवी. लाल, दाणेदार मांसावर तो धरेल. आवरण गेलेल्या हाडावर नाही. जखमेत दर ग्रॅममागे लाखाच्या वर जिवाणू असतील तर ग्राफ्ट बहुधा वाया जातो, आणि बीटा हिमोलायटिक स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू असेल तर त्याहून कमी जिवाणूही पुरतात. ‘थांबलात कशाला, लावून टाका’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हेच सांगायचं असतं.

फ्लॅप आपलं रक्त घेऊन येतो, म्हणून उघडं हाडही झाकतो. गुडघ्याखाली नडगी उघडी पडली तर पोटरीचा स्नायू रक्तवाहिन्यांसकट तिच्यावर फिरवतात. कोकणातल्या माणसाला एका वाक्यात कळेल: फ्लॅप म्हणजे आंब्याचं भेट कलम, सांधा धरेपर्यंत फांदी मातृवृक्षालाच, ग्राफ्ट म्हणजे कोय कलमाची तोडलेली काडी. 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आलेली पुण्यातली, नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाच्या नाकाची शस्त्रक्रियाही फ्लॅपच होती, कपाळाची कातडी देठासकट खाली वळवलेली. तिला ‘स्किन ग्राफ्टिंग’ म्हणणारे लेख वाचून चिडचिड होते.

फ्री फ्लॅपला मात्र आंब्याची उपमा पुरत नाही. तो अंगापासून पुरता सुटतो, पण त्याची धमनी आणि शीर मायक्रोस्कोपखाली नव्या जागी जोडतात. रक्त लगेच वाहू लागतं, म्हणून तो ग्राफ्ट नाही.

माझं मत स्पष्ट आहे: या आजारातली जखम बहुधा पसरट असते, रोगी आधीच खचलेला असतो. ग्राफ्ट धरण्यासारखा असेल तर ग्राफ्टच. तो जागोजागी गेला तर पुन्हा लावता येतो. फ्री फ्लॅपची शीर तुंबली तर तो निळसर पडतो आणि काही तासांत रोग्याला परत थिएटरात न्यावं लागतं. रात्रभर सिस्टर तासातासाला फ्लॅपवर बोट दाबून रंग बघतात, तो याचसाठी.