हॉकी आपला राष्ट्रीय खेळ? सरकारदरबारी तरी नाही

राष्ट्रीय पक्षी मोर, प्राणी वाघ आणि खेळ हॉकी, असं सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून आपण घोकत आलो. पहिली दोन उत्तरं बरोबर. तिसऱ्याला मात्र कागदाचा आधार नाही. 2012 साली माहितीच्या अधिकारात विचारणा झाली, तेव्हा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने सरळ कळवलं की, कोणत्याही खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेलं नाही.

मग हे आलं कुठून? बहुधा हॉकीच्या दबदब्यातून. 1928 ते 1956 सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं! 1936 च्या बर्लिन अंतिम सामन्यात ध्यानचंदांच्या संघाने यजमान जर्मनीला 8-1 असं लोळवलं. तारीख होती 15 ऑगस्ट, स्वातंत्र्याला अजून अकरा वर्षं होती. 1948 मध्ये लंडनला जाऊन ब्रिटनलाच 4-0 ने हरवलं. एवढं झाल्यावर कुणाला शासकीय अधिसूचना शोधावीशी वाटणार?

काही जण आता ‘मग कबड्डी असेल’ म्हणतात. तीही नाही. कबड्डीला तो मान आहे, पण शेजारच्या बांगलादेशात.